लोकमहाविद्यालयांतील शिक्षक आणि त्याचे विद्यार्थी

शिकवितांना प्रत्येक शिक्षकाच्या मनापुढें एक विद्यार्थी उभा असतो. तो वर्गांतील खऱ्या विद्यार्थ्यांपैकींच एखादा असतो असें मात्र नाहीं. पुष्कळदां ती शिक्षकाच्या स्वतःच्या तरुणपणाची पडछाया असते. ह्या विद्यार्थ्याच्या घरीं पुस्तकांचें कपाट असतें, जेवणाखाण्याची काळजी दुसरें कोणी वाहतें, संध्याकाळचे चार तास त्याला अभ्यासाला मोकळे मिळतात, आणि अडलें तर उठून विचारण्याचा धीर त्याच्यापाशीं असतो. ह्या कल्पित विद्यार्थ्याला उद्देशून व्याख्यान तयार होतें; त्याच्याच मापानें घरचा अभ्यास ठरतो; त्याच्याच हिशेबानें परीक्षेचे प्रश्न निघतात. प्रत्यक्षांतले विद्यार्थी ह्या कल्पनेच्या जवळपासचे असले म्हणजे ही चूक झांकून जाते. परंतु वर्गांत बसलेला माणूस ह्या कल्पनेहून सर्वस्वी निराळा असला, तर ती पहिल्या महिन्यांतच उघडी पडते. अमेरिकेंत ज्या संस्थांना 'कम्युनिटी कॉलेज' असें म्हणतात, त्यांची हकीकत म्हणजे बव्हंशीं ह्या विसंगतीची आणि ती दूर करण्याच्या खटपटीची हकीकत आहे.

ह्या संस्थांना मराठींत लोकमहाविद्यालयें म्हणतां येईल. इलिनॉय संस्थानांतील जोलिएट ह्या गांवीं १९०१ सालीं त्यांचा प्रारंभ झाला असें सामान्यतः मानलें जातें. तेथील हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर ह्या दोघांच्या विचारविनिमयांतून ही कल्पना पुढें आली. हायस्कूल संपल्यावर मुलांनीं गांवांतच राहून विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास करावा, एवढाच तिचा मूळचा आवांका होता, आणि पहिल्या वर्गांत विद्यार्थी होते अवघे सहा. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र चित्र पालटलें. १९४४ च्या कायद्यानें परत आलेल्या सैनिकांना शिक्षणासाठीं सरकारी साहाय्य मिळालें. १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन ह्यांनीं नेमलेल्या आयोगानें अशा महाविद्यालयांचें जाळें देशभर पसरावें अशी शिफारस केली आणि 'कम्युनिटी कॉलेज' हें नांव रूढ केलें. १९६० नंतरच्या दहा वर्षांत तर जवळजवळ दर आठवड्यास एक ह्या वेगानें नवीं महाविद्यालयें निघालीं. आज त्यांची संख्या एक हजाराच्या आसपास आहे.

ह्या महाविद्यालयांचें ब्रीद एकच: दार सर्वांना उघडें. मागच्या परीक्षेंत गुण किती मिळाले हें पाहून तेथून कोणाला परत पाठवीत नाहींत. दोन वर्षांचा क्रम पुरा करून कोणी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षांत जातो. कोणी रुग्णपरिचर्या, हिशेबनीस किंवा मोटारदुरुस्ती ह्यांचें शिक्षण घेऊन कामाला लागतो. सुमारे दोन-तृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ शिकणारे असतात. वर्गांत पहिल्या बाकावर अठरा वर्षांचा मुलगा, त्याच्या शेजारीं दोन मुलांची आई, मागच्या बाजूस गुदामांतील रात्रपाळी आटोपून आलेला कामगार, आणि कोपऱ्यांत परदेशांतून आलेली, स्वतःच्या भाषेंत सुशिक्षित असलेली पण इंग्रजी वाक्य जुळवितांना अडखळणारी प्रौढ स्त्री, असा मेळा जमतो. महाविद्यालयाची पायरी चढणारीं आपापल्या घराण्यांतील हीं पुष्कळदां पहिलींच माणसें असतात.

परंतु दार उघडणें ही एक गोष्ट आणि आलेल्याला घरांत सामावून घेणें ही दुसरी. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क ह्यांनीं कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथील अशा एका महाविद्यालयाचें निरीक्षण करून १९६० सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना असें दिसलें कीं, ह्या संस्था उघडपणें न बोललेलें एक काम करीत असतात. तें काम म्हणजे मोठी आशा धरून आलेल्या विद्यार्थ्याचा उत्साह हळूहळू थंड करणें. त्याला तोंडावर 'नाहीं' असें कोणीच म्हणत नाहीं. चांचणी, सल्लागाराची भेट, खालचा वर्ग, पुन्हां चांचणी, अशा मालिकेंतून जातां जातां तो आपली आशा आपणच आंखडती घेतो, आणि अपयशाचा सगळा दोष स्वतःच्या माथीं घेऊन निघून जातो. दारावर अडविलेला माणूस निदान दाराला दोष देऊं शकतो. आंत घेऊन परत पाठविलेल्याला तेवढेंही समाधान उरत नाहीं.

ही माणसें कोठें गळतात ह्याचा शोध घेऊं लागल्यावर सर्वांची नजर एका ठिकाणीं खिळली. प्रवेशाच्या वेळीं इंग्रजी आणि गणित ह्या विषयांची चांचणी घेण्याची पद्धति होती. तींत जो कच्चा ठरे त्याला पदवीच्या अभ्यासक्रमाला बसण्यापूर्वीं पूर्वतयारीचे वर्ग करावे लागत. कधीं एक, कधीं दोन, कधीं तीन. ह्या वर्गांना फी पडे, वेळ जाई, परंतु पदवीच्या हिशेबांत त्यांचें कांहींच धरलें जात नसे. ह्यामागील हेतु वाईट नव्हता. ज्याला पोहतां येत नाहीं त्याला खोल पाण्यांत लोटूं नये, हा विचार कोणालाही पटण्यासारखाच आहे.

तथापि ह्या जिन्याचें गणित मांडून पाहिलें म्हणजे निराळाच प्रकार दिसतो. समजा, शंभर विद्यार्थी पहिल्या पायरीवर उभे आहेत. प्रत्येक वर्गांत शेंकडा पंचाहत्तर उत्तीर्ण होतात, आणि उत्तीर्ण झालेल्यांपैकीं शेंकडा ऐंशी पुढच्या वर्गांत नांव घालतात. हे दोन्ही आंकडे वाईट नाहींत. कोणताही शिक्षक त्यांवर समाधान मानील. पण शंभरांतील पंचाहत्तर उत्तीर्ण होतील, त्यांतील साठ पुढें जातील. साठांतील पंचेचाळीस उत्तीर्ण होतील, त्यांतील छत्तीस पुढें जातील. आणि पदवीच्या पातळीचा तिसरा वर्ग पार करतील ते केवळ सत्तावीस. प्रत्येक शिक्षकानें आपलें काम चोख केलें, आणि तरीही शंभरांतील त्र्याहत्तर वाटेंत राहिले. दोष कोणा एका पायरीचा नाहीं. पायऱ्यांच्या संख्येचाच तो दोष आहे.

प्रत्यक्षांतील आंकडे ह्याहून फारसे निराळे नव्हते. कोलंबिया विद्यापीठांतील टॉमस बेली आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१० सालीं सात संस्थानांतील सत्तावन्न महाविद्यालयांचे आंकडे तपासून प्रसिद्ध केले. पूर्वतयारीच्या वर्गांकडे ज्यांना धाडलें गेलें त्यांपैकीं सुमारे शेंकडा तीस विद्यार्थ्यांनीं अशा एकाही वर्गांत पाऊल टाकलें नव्हतें. वाटेंत गळलेल्यांपैकीं नापास होऊन गळलेले कमी, आणि पुढच्या वर्गांत नांवच न घातल्यामुळें गळलेले जास्त. पुढें असेंही आढळून आलें कीं, ज्या चांचणीवर हें सर्व अवलंबून होतें ती चांचणीच फारशी भरंवशाची नव्हती. गणितांत चौघांपैकीं एक आणि इंग्रजींत तिघांपैकीं एक, एवढे विद्यार्थी भलत्याच वर्गांत जात होते. हायस्कुलांतील चार वर्षांचे गुण पाहिले तर एका दुपारच्या चांचणीपेक्षां तेच विद्यार्थ्याविषयीं अधिक खरें सांगत.

ह्या कोड्याचें एक उत्तर मेरीलँड संस्थानांतील बॉल्टिमोर परगण्याच्या लोकमहाविद्यालयांत इंग्रजीचे शिक्षक पीटर ॲडम्स ह्यांनीं शोधून काढलें. आपल्या विद्यार्थ्यांचा त्यांनीं कित्येक वर्षें मागोवा घेतला होता. पूर्वतयारीच्या लेखनवर्गांत बसलेल्यांपैकीं पदवीच्या पहिल्या लेखनवर्गांत यशस्वी झाले ते जेमतेम तिसरा हिस्सा, असें त्यांना दिसून आलें. वर्ग चांगले, शिक्षक मेहनती, आणि फळ हें! २००७ सालीं त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं क्रमच उलटा केला. पदवीच्या लेखनवर्गांत वीस जागा असत. त्यांपैकीं बारा जागांवर चांचणींत पार पडलेले विद्यार्थी घेतले आणि आठ जागांवर कच्चे ठरलेले. सगळ्यांना एकच अभ्यासक्रम, तेच निबंध, तीच कसोटी. तो तास संपला म्हणजे ह्या आठ जणांचा त्याच शिक्षकाबरोबर लगेच दुसरा वर्ग भरे.

ह्या दुसऱ्या वर्गांत काय होत असे हें नीट पाहण्यासारखें आहे, कारण साऱ्या प्रयोगाचा जीव तेथें आहे. पूर्वतयारीच्या जुन्या वर्गांत व्याकरणाच्या पुस्तकांतील तुटक वाक्यें दुरुस्त करीत बसावें लागे. तीं वाक्यें कोणीं, कोणाला, कशासाठीं लिहिलीं हें कोणालाच ठाऊक नसे. येथें मात्र समोर उद्यांचा खरा निबंध असे. पहिल्या तासांत जें समजलें नाहीं तें विचारावयाचें, निबंधाचा मसुदा मोठ्यानें वाचावयाचा, कोणता परिच्छेद कोठें घसरला तें पाहावयाचें, आणि व्याकरण शिकावयाचें तें ह्या मसुद्यांत जेथें अडेल तेथें. आठच माणसें असल्यामुळें कोणी मुकाट बसून राहूं शकत नसे. मुलाला ताप आला म्हणून आज येणें जमणार नाहीं, कामाच्या पाळ्या बदलल्या, घरभाडें थकलें, अशा गोष्टीही तेथें निघत. आणि विद्यार्थी आळशी म्हणून येत नाहीं कीं त्याला येतां येत नाहीं म्हणून, हें शिक्षकाला कळे. मुख्य म्हणजे ह्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवसापासून आपण महाविद्यालयांत आहों असें वाटे. महाविद्यालयाच्या ओटीवर ताटकळत आहों असें वाटत नसे. पुढें कोलंबियाच्या संशोधकांनीं ह्या वर्गाची आणि जुन्या वर्गाची तुलना केली. नव्या वर्गांतील शेंकडा पंचाहत्तरांच्या आसपास विद्यार्थी वर्षभरांत पदवीचा लेखनवर्ग पुरा करीत. जुन्या रीतीनें जाणाऱ्या तशाच विद्यार्थ्यांत हें प्रमाण शेंकडा चाळिसांच्या आंत होतें.

गणितांत असाच एक प्रयोग न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानें २०१३ सालीं आपल्या तीन लोकमहाविद्यालयांत केला. बीजगणितांत कच्चे ठरलेल्या ९०७ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें तीन गटांत विभागणी केली. पहिल्या गटाला नेहमींचा बीजगणिताचा पूर्वतयारीचा वर्ग दिला. त्यांतील शेंकडा ३९ उत्तीर्ण झाले. दुसऱ्या गटाला तोच वर्ग आणि त्याच्या जोडीला आठवड्याची एक कार्यशाळा दिली. ह्या गटांतील शेंकडा ४५ उत्तीर्ण झाले. तिसऱ्या गटाला पूर्वतयारीच न देतां एकदम पदवीच्या पातळीचें संख्याशास्त्र आणि त्याच्या जोडीला कार्यशाळा दिली. तेथें उत्तीर्ण झाले शेंकडा ५६. जो विषय वरच्या पायरीचा तोच अधिक जणांना साधला. ह्यांत चमत्कार नाहीं. जिला परिचारिका व्हावयाचें आहे, तिला रोग्यांच्या आंकड्यांवरून अनुमान कसें काढावें हें शिकण्यांत अर्थ दिसतो. तेंच बहुपदींचे अवयव पाडण्याचें काम तिला पुन्हां एकदां करावयास लावलें, तर तिला आठवते ती शाळेंतील नामुष्की.

वर्गाची मांडणी बदलली तरी शिक्षकाची दृष्टि बदलल्यावांचून काम पुरें होत नाहीं. ही दृष्टि कशी असावी हें न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजांतील मिना शॉनेसी ह्यांनीं दाखवून दिलें. तें महाविद्यालय चार वर्षांचें. परंतु १९७० सालीं शहराच्या साऱ्या विद्यापीठाचें दार खुलें झालें आणि ज्यांनीं शाळेंत फारसें कधीं लिहिलेंच नव्हतें असे हजारों विद्यार्थी तेथें आले. त्यांचे निबंध पाहून अनेक शिक्षक हतबुद्ध झाले. शॉनेसी ह्यांनीं सुमारे चार हजार निबंध जमवून त्यांतील चुकांचा अभ्यास केला, आणि १९७७ सालीं आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांचा सिद्धान्त असा कीं, ह्या चुका बेफिकिरीच्या नाहींत. त्यांना स्वतःचा एक नियम असतो. विद्यार्थ्यानें कोठला तरी नियम अर्धवट ऐकलेला असतो आणि तो नको तेथें इमानानें लावलेला असतो.

मराठी श्रोत्यांना ह्याची साक्ष आपल्याच भाषेंत मिळेल. घरीं 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला शाळेंत सांगतात, 'पाणी' म्हण. थोड्याच दिवसांत तो 'मन' ह्या शब्दाऐवजीं 'मण' असें लिहूं लागतो. लाल शाईनें त्या शब्दावर फुली मारणाऱ्या मास्तरांना वाटतें, ह्याला कांहींच येत नाहीं. खरें पाहतां त्या मुलानें शिकविलेलें मनापासून घेतलेलें असतें. नियमाची हद्द तेवढी त्याला कोणी दाखविलेली नसते. फुली मारणाऱ्या शिक्षकाला ज्ञानाचा अभाव दिसतो. चुकीचें कारण शोधणाऱ्याला तेथेंच अर्धें ज्ञान दिसतें, आणि उरलेलें अर्धें कोठून द्यावयाचें हेंही उमगतें.

असाच धडा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत यूरी ट्रिस्मन ह्यांना मिळाला. १९७० नंतरच्या दशकांत तेथें कॅल्क्युलसच्या वर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणांत नापास होत. कारण विचारतां प्राध्यापकांनीं सांगितलें: ह्यांना ओढ कमी, तयारी अपुरी, घरचें पाठबळ नाहीं, आणि गरिबी आहे. ट्रिस्मन ह्यांनीं वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हें त्यांच्या बरोबर राहून कित्येक महिने पाहिलें. प्राध्यापकांचीं कारणें टिकलीं नाहींत. चिनी विद्यार्थी एकटे अभ्यास करीत, मग रात्रीं एकत्र जमून एकमेकांचीं उत्तरें ताडून पाहत आणि अडलेलें सोडवीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रामाणिकपणें एकटेच बसत. आपण चुकतों आहों कीं प्रश्नच अवघड आहे, हें कळावयास त्यांच्यापाशीं कांहीं साधन नव्हतें. ट्रिस्मन ह्यांनीं ह्यावर पूर्वतयारीचा वर्ग काढला नाहीं. त्यांनीं एकत्र बसून सोडवावयाच्या गणितांची कार्यशाळा काढली. आणि तेथील गणितें सोपीं नव्हतीं, नेहमींच्या वर्गांतल्यापेक्षां अवघड होतीं. तिचा परिणाम उत्तम झाला. पुढें टेक्सास येथें जाऊन त्यांनीं हाच अनुभव लोकमहाविद्यालयांच्या गणितासाठीं कामीं लावला.

बाहेरून आळस दिसतो तेथें आंत भीति असते, हेंही ध्यानांत घेण्यासारखें आहे. रिबेका कॉक्स ह्यांनीं लोकमहाविद्यालयांतील वर्ग जवळून पाहून २००९ सालीं लिहिलेल्या पुस्तकांत ह्या भीतीचें वर्णन आहे. आपण ह्या जागेच्या लायकीचे नाहीं आणि तें आज ना उद्यां उघडकीला येणार, अशी धास्ती विद्यार्थ्यांच्या मनांत घर करून असते. निबंध दिला तर तो वाईट ठरेल. न दिला तर निदान वाईट ठरणार नाहीं. शिक्षक समजतो, ह्याला पर्वा नाहीं. वस्तुतः त्याला इतकी पर्वा असते कीं कागद पुढें करण्याचें धाडस होत नाहीं. पुष्कळ महाविद्यालयांत शिक्षक आपल्या खोलींत भेटण्याच्या वेळा जाहीर करतात. पण त्या वेळांत शिक्षक कामांत असतो आणि त्याला त्रास देऊं नये, असा त्या सूचनेचा अर्थ करणारे विद्यार्थी थोडे नाहींत. ज्याच्या घरीं महाविद्यालयाची बोलीच कधीं कानीं पडली नाहीं, त्याला ती बोली शिकविणें हाही विषयाचाच एक भाग आहे.

म्हणून समजदार शिक्षक आपल्या रीतींत बदल करतो, आणि ते बदल दिसावयास अगदीं लहान असतात. पहिल्या आठवड्यांतच तो प्रत्येकाकडून एक लहानसें टिपण लिहवून घेतो: कामाच्या वेळा कोणत्या, ह्या विषयाचा पूर्वींचा अनुभव कसा, भीति कशाची. पहिली कसोटी तो सत्राच्या मध्यावर न ठेवतां दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांतच ठेवतो, आणि तिचे गुण थोडे राखतो, म्हणजे घसरलेल्याला सावरण्यास वेळ राहतो. निबंध सांगतांना तो कशासाठीं लिहावयाचा, कसा लिहावयाचा आणि कोणत्या गोष्टी पाहून गुण मिळणार, हें तो लेखी देतो. भेटीची वेळ नुसती जाहीर न करतां तो प्रत्येकाला एकदां तरी बोलावतोच. महागडें पुस्तक घेण्यास पगाराची वाट पाहावी लागणार हें ओळखून पहिल्या दोन आठवड्यांचें वाचन तो स्वतः पुरवितो. कठीण उतारा घरीं वाचून या, असें न म्हणतां त्याचें पहिलें पान तो वर्गांतच सर्वांसह वाचतो, आणि जाणता वाचक कोठें थांबतो, कोठें मागें जातो, समासांत काय टिपतो, हें दाखवून देतो. ह्यांतील एकाही गोष्टीनें विषय सोपा होत नाहीं. तो फक्त उघडा होतो.

तथापि सगळा भार शिक्षकाच्याच खांद्यावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. आठवड्याला तीन तास वर्गांत भेटणारा माणूस घरभाडें भरूं शकत नाहीं. न्यूयॉर्कच्या विद्यापीठानें २००७ सालीं सुरू केलेली योजना ह्या दृष्टीनें विचार करण्यासारखी आहे. तींत विद्यार्थ्यानें पूर्णवेळ शिकण्याची अट पाळावी. आणि संस्थेनें फीची तूट भरावी, पुस्तकांचा खर्च द्यावा, आगगाडी-मोटारचा पास द्यावा, आणि थोड्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला सल्लागार नेमून द्यावा, असा करार होता. तीन वर्षांनंतर योजनेंतील शेंकडा ४० विद्यार्थी पदवीधर झाले. चिठ्ठीनें योजनेबाहेर राहिलेल्यांपैकीं शेंकडा २२. ह्या योजनेंत दर विद्यार्थ्यामागें खर्च अधिक होता हें खरें. परंतु एक पदवी मिळविण्यामागें पडणारा खर्च कमीच भरला.

ह्या सर्व खटपटीवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो बाजूस सारण्याजोगा नाहीं. आक्षेप असा कीं, विद्यार्थ्याच्या गरजेच्या नांवाखालीं शिक्षणाची पातळी उतरते, आणि नांवापुरती पदवी हातांत देऊन त्याची फसवणूकच होते. पातळी उतरविणारे शिक्षक नाहींत असें नाहीं. दुबळ्याला दयेनें गुण देणें ही त्याच्याविषयींची सर्वांत मोठी अनास्था होय. कारण त्यांत त्याच्याकडून कांहीं होणार नाहीं हें गृहीत धरलेलें असतें. पण वर सांगितलेल्या प्रयोगांकडे पाहावें. बॉल्टिमोरला निबंध तेच राहिले. बर्कलीला गणितें अवघड झालीं. न्यूयॉर्कला खालच्या वर्गाऐवजीं वरचा वर्ग दिला गेला. बदलली ती चढण्याची वाट. शिखराची उंची बदललेली नाहीं.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र अजून सुटलेला नाहीं. कॅलिफोर्नियानें २०१७ सालीं कायदा करून, विद्यार्थ्याला एका वर्षांत पदवीच्या पातळीचें इंग्रजी व गणित पुरें करण्याची जास्तींत जास्त संधि मिळेल अशाच वर्गांत बसवावें असें ठरविलें. त्यामुळें पूर्वतयारीचे वर्ग बव्हंशीं मावळले, आणि वर्षभरांत पदवीचें गणित पुरें करणारांची संख्या पुष्कळ वाढली. पण त्याचबरोबर ह्या वरच्या वर्गांत पहिल्या खेपेस नापास होणारेही थोडे नव्हते. जेथें जोडीचा वर्ग, लहान गट आणि शिक्षकाला मोकळा वेळ हीं साधनें पुरविलीं जात नाहींत, तेथें नुसता कायदा म्हणजे शिडी काढून घेऊन माडी दाखविण्यासारखें होतें. आणि अमेरिकेंत ह्या महाविद्यालयांतील पुष्कळसे शिक्षक तासावर नेमलेले असतात. एका संस्थेंतला तास संपवून ते दुसरीकडे धांवतात. ज्याला स्वतःलाच बसावयास खोली नाहीं, त्यानें विद्यार्थ्याला भेटावयाचें तरी कोठें?

भारतांतही लोकमहाविद्यालयाची कल्पना नवी नाहीं. पाँडिचेरी येथें १९९५ सालीं आणि मद्रास येथें १९९६ सालीं अशा संस्था निघाल्या. पुढें विद्यापीठ अनुदान आयोगानेंही २०१३ च्या सुमारास हें नांव घेऊन एक योजना आंखली. नांव घेणें सोपें आहे. परंतु त्या नांवामागील प्रश्न कोणत्याही पाटीनें सुटत नाहीं. दिवसभर दुकानांत उभा राहून संध्याकाळीं वर्गांत येणारा तरुण, लग्नानंतर दहा वर्षांनीं पुन्हां वही हातीं घेणारी गृहिणी, घरीं एक बोली बोलून वर्गांत दुसरी ऐकणारी मुलगी, हीं माणसें येथील वर्गांतही बसलेलीं आहेत.

ह्या माणसांना हुशार विद्यार्थ्यापेक्षां कमी कांहीं द्यावें असा ह्या हकीकतीचा अर्थ नव्हे. त्यांना तेंच द्यावयाचें आहे. मात्र त्यासाठीं शिक्षकाला आपल्या मनांतील तो कल्पित विद्यार्थी खालीं बसवून समोरच्या माणसाकडे पाहावें लागतें. त्याला आधीं काय येतें हें विचारावें लागतें, त्याच्या चुकींतील नियम ओळखावा लागतो, आणि त्याच्या मुकेपणाचा अर्थ घाईनें लावण्याचा मोह आवरावा लागतो. संस्थेनें दार उघडण्याचा निर्णय एकदां घेतला म्हणजे झालें. शिक्षकाला मात्र तो दर सत्राच्या पहिल्या तासाला, नव्या चेहऱ्यांपुढें उभें राहून, पुन्हां घ्यावा लागतो.